संत्र्याच्या लाकडाचा धूर आणि तिखट राजमा

बेक्ड बीन्स म्हटलं की डब्यातले टोमॅटोच्या गोडसर रश्श्यातले दाणे आठवतात. बोस्टनकडे तर उसाची मळी आणि डुकराची खारवलेली चरबी घालून ते मातीच्या भांड्यात तासन्‌तास भट्टीत ठेवायची जुनी रीत आहे. मला त्यातली भट्टी हवी होती, वेळही हवा होता, पण गोडवा नको होता. म्हणून मी राजमा ड्रममध्ये लाकडाच्या धुरावर करतो. मायनंही आधीच बजावलं, "गूळ नको टाकू बापा, भाजीले भाजीवानी राहू दे."

आमचा भाग वरुडचा, संत्र्याच्या बागांचा, त्यामुळे लाकडाची चिंता नाही. आंबिया बहाराची संत्री तुटली की झाडावरची सल, म्हणजे वाळलेल्या काड्या-फांद्या, काढावी लागते, आणि ती बहुतेक धुऱ्यावरच, म्हणजे शेताच्या बांधावरच, जळून जाते. बारीक काड्या मीही जाळतो. पण एखादं म्हातारं झाड काढलं की मनगटाएवढ्या फांद्या वेगळ्या ठेवतो आणि गोठ्याच्या माळ्यावर चांगल्या वाळू देतो. संत्र्याचा धूर सौम्य असतो, दाण्याची चव दाबत नाही. बुंध्याला मात्र आपण बुरशी रोखायला बोर्डो पेस्टचा लेप लावतो आणि त्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) असतं. ते लाकूड अन्नाच्या धुराला अजिबात घेऊ नका. ड्रमचंही तसंच. माझा २०० लिटरचा ड्रम खाद्यतेलाचा आहे, गावातल्या वेल्डिंगवाल्यानं त्याला खाली दार आणि वर जाळी बसवून दिली. फवारणीच्या औषधाचा ड्रम कितीही घासला तरी तो स्वयंपाकाचा होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कच्चा राजमा थेट ड्रममध्ये ठेवू नका. त्यात एक विषारी घटक असतो, तो खळखळून उकळल्याशिवाय जात नाही. धुराच्या मंद आचेवर उघडं भांडं उकळीला येतच नाही, कारण वरून सतत वाफ निघून जाते. अर्धवट शिजलेल्या राजम्यानं उलट्या-जुलाब होतात. म्हणून रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, आणि नव्या पाण्यात कुकरमध्ये दाणा बोटांनी सहज दबेल इतका शिजवून घ्या. टोमॅटो किंवा चिंच त्यानंतरच, आंबटपणात दाणा मऊ व्हायला फार वेळ घेतो.

मसाला मी मुद्दाम कमी ठेवतो. कांदा लालसर परतायचा, त्यात लसूण, आलं, टोमॅटो, मीठ आणि भिवापुरी मिरचीचं तिखट. सावजीचा भरगच्च मसाला मला जीव की प्राण आहे, पण त्यात संत्र्याचा धूर कुठच्या कुठे हरवतो. चरबीच्या जागी भाजलेल्या जवसाची भरड घालतो, तिनं रस्सा दाटही होतो आणि खमंगही.

हे सगळं स्टीलच्या पसरट गंजात, म्हणजे पातेल्यात, तीन बोटांपेक्षा उंच थर नको. धूर फक्त वरच्या ओल्या पृष्ठभागावर बसतो. म्हणून भांडं रुंद आणि उघडं हवं, आणि दर अर्ध्या तासानं खालचं वर करायला हवं. खाली बाभळीचा कोळसा, त्यावर संत्र्याचे दोन-तीन तुकडे. ड्रमच्या आत ११० ते १२० अंश सेल्सियस ठेवा. धूर पातळ, निळसर दिसला पाहिजे. पांढरा दाट लोट निघाला तर खालचं दार उघडा, हवा जाऊ द्या, नाहीतर रस्सा कडवट होतो. तीन तासांत कडेला गडद साय धरते, ती खरवडून आत मिसळा. रस्सा आटला तर गरम पाणी, गार नको.

ज्वारीची भाकर, कांदा आणि वरून कढवलेल्या तेलाची धार, वडा-भातावर घेतो तशी. माय धूर कमी आणि तेल जास्त मागते, मी उलटं. घरी राजमा नसला तर बरबटी (चवळी) घ्या, फक्त कुकरमध्ये कमी शिट्ट्या द्या आणि ड्रममध्ये तास-दीड तासच ठेवा, ती लवकर गळते.