क्लच आणि कोल्हापुरी

वयाच्या ४२व्या वर्षी गाडी शिकताना पहिले चार दिवस मी कोल्हापुरी चपला घालूनच जात होते आणि चढावर गाडी बंद पडली की खापर क्लचवर फोडत होते. पाचव्या दिवशी प्रशिक्षकांनी माझ्या पायांकडे पाहिले आणि ‘ताई, उद्या बूट घालून या,’ एवढेच म्हणाले.

चपलेला मागे पट्टा नसल्याने ब्रेकवरून ॲक्सिलरेटरकडे पाय वळवताना ती टाचेपासून सुटून मॅटमध्ये अडकत असे; शिवाय क्लच पकड घेऊ लागताच गाडीत उमटणारी बारीक थरथर त्या कडक चामड्यातून पायाला कळतच नसे. पातळ सोलचे कॅनव्हासचे बूट घातले आणि हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून धरल्यावर, गाडी बंद न पडता चढावर जागच्या जागी थबकली. (जाड सोलचे महागडे स्पोर्ट्स शूजही यासाठी निरुपयोगीच, असे माझे मत आहे.) काढलेल्या चपला आता मी डिकीत ठेवते, कारण पायाशी ठेवलेली चप्पल घरंगळून ब्रेकखाली गेली, तर पेडल पूर्ण दाबलेच जाणार नाही.