प्रश्नांचा दिवस

बुधवार, रात्र

आजचा जवळजवळ सगळा दिवस वाचकांना उत्तरं लिहिण्यात गेला. दुसऱ्या ताऱ्याकडे निघालेल्या यानाची माझी कादंबरी बाहेर पडल्यापासून साठलेले प्रश्न होते. लिहिताना त्या यानात मी एकटीच असते. प्रश्न येऊ लागले की कळतं, आता तिथे आणखीही माणसं वावरताहेत. मला हे फार आवडतं.

काही उत्तरं झटपट होतात. कल्पना कुठून सुचतात? वाचनातून, आणि एखादी गोष्ट नीट न समजल्यामुळे लागून राहिलेल्या अस्वस्थतेतून. परग्रहावरचे जीव का नाहीत? या कथेला त्यांची गरज नव्हती. त्या ताऱ्याजवळून आपला सूर्य कसा दिसेल, असंही एकाने विचारलं होतं. छान ठळक तारा दिसेल, शर्मिष्ठा तारकासमूहात. तिच्या वाकड्यातिकड्या रेषेला टोकाशी आणखी एक तारा जोडला जाईल आणि तो आपला सूर्य असेल. हे लिहून झाल्यावर थोडा वेळ काही सुचेना.

एका शाळकरी मुलीचं पत्र दोनच वाक्यांचं होतं. "ताई, तुमचं यान प्रकाशापेक्षा जास्त वेगाने का जात नाही? कादंबरीच तर आहे ना!" तिला उत्तर लिहायला घेतलं आणि दोन पानं भरली.

सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळचा तारा म्हणजे प्रॉक्झिमा सेंटॉरी. अंतर ४.२४ प्रकाशवर्षं, म्हणजे प्रकाशालाही तिथे पोहोचायला तेवढी वर्षं लागतात. त्याच्याभोवती एक ग्रह फिरतो हे २०१६ साली जाहीर झालं आणि माझं यान तिथेच निघालं आहे. १९७७ साली पृथ्वीवरून निघालेलं व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. ते या ताऱ्याकडे चाललेलं नाही, पण त्या वेगाने एवढं अंतर कापायचं तर जवळजवळ ७५,००० वर्षं लागतील. म्हणून मी माझ्या यानाला प्रकाशाच्या एक दशांश वेग दिला. त्या हिशेबाने प्रवास ४२ वर्षांच्या थोडा वर जातो, म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात कसाबसा बसतो. एवढ्या वेगाचीही किंमत केवढी! एक किलो वस्तुमानाला तो वेग द्यायला, काहीही वाया गेलं नाही असं धरूनसुद्धा, सुमारे साडेबारा कोटी युनिट विजेइतकी ऊर्जा लागते. फक्त एक किलोला. माझी नायिका निघताना आईची पत्रं मागे ठेवून जाते, तो प्रसंग मी भावनेच्या भरात लिहिलेला नाही. तो या आकड्यातून आला. वेग फुकट मिळाला असता तर तिने पत्रांची पेटी उचलून नेली असती आणि ते पान लिहावंच लागलं नसतं.

मग तिला निरोपांचं गणित सांगितलं, कारण कादंबरीचा सगळा जीव त्यात आहे. वेग वाढवण्याचा सुरुवातीचा काळ सोडून द्या. प्रवासाच्या नवव्या वर्षाअखेर आईने विचारलं, "बरी आहेस ना?" हा संदेश प्रकाशाच्या वेगाने यानाचा पाठलाग करतो आणि दहाव्या वर्षाअखेर त्याला गाठतो. तोवर यान एक प्रकाशवर्ष दूर गेलेलं असतं. नायिकेने त्याच क्षणी उत्तर दिलं तरी ते आईला मिळतं अकराव्या वर्षाअखेर. साध्या विचारपुशीला दोन वर्षं. आणि हा काळ दर निरोपागणिक वाढत जातो. प्रकाशाची मर्यादा मी काढून टाकली तर या दोघींमध्ये उरेल ते नेहमीचं बोलणं. मला ते लिहायचं नव्हतं.

दुपारनंतर एकाच पत्राशी बसून होते. एका गृहस्थांनी विचारलं होतं, "शेवटचा निरोप आईपर्यंत पोहोचला का?" त्यांनी स्वतःबद्दल थोडं लिहिलं होतं, ते मी इथेही उतरवून ठेवणार नाही. एवढंच, की हा प्रश्न ते कादंबरीपुरता विचारत नव्हते.

कादंबरीतला तो निरोप तिसाव्या वर्षाअखेर निघतो, तीन प्रकाशवर्षांवरून. बोलताना नायिकेच्या मनात येतं, आत्ता आई असेल का? ती ओळ लिहायच्या आधी मी गणित मांडून पाहिलं होतं. १९०५ साली आईनस्टाईनने दाखवून दिलं की दूरदूरच्या, एकमेकांच्या सापेक्ष गतीत असलेल्या दोघांचं 'आत्ता' एक नसतं. पृथ्वीच्या हिशेबाने त्या क्षणी तीस वर्षं पूर्ण झालेली असतात. यानाच्या हिशेबाने पृथ्वीवर त्याच क्षणी २९.७ वर्षंच झालेली असतात. साडेतीन महिन्यांहून थोडा जास्त फरक. आई नेमकी त्या मधल्या दिवसांत गेली असेल, तर पृथ्वी म्हणेल ती आता नाही, यान म्हणेल ती अजून आहे, आणि दोघांपैकी कुणाचंच चुकीचं नसेल. हे विश्व खरंच असं आहे. मला यात क्रूरपणा दिसत नाही. इतक्या दूर गेलेल्या माणसाला आई आत्ता आहे असं मानायला विश्वाने थोडी जागा ठेवली आहे, असं मला वाटतं. गृहस्थांना मी हे जसंच्या तसं लिहिलं.

पण त्यांचा प्रश्न निरोपाचा होता आणि तिथे ही सवलत नाही. निरोप पोहोचला तेव्हा ती होती की नव्हती, याचं उत्तर सगळ्यांसाठी एकच असतं. ते मला माहीत आहे, वहीत तारीख लिहिलेली आहे. तरी कादंबरीत ते घातलं नाही, कारण यानातल्या कुणालाच ते तेव्हा कळू शकत नाही. निरोप पृथ्वीवर पोहोचणार तेहतिसाव्या वर्षाअखेर. तिथून लगेच बातमी निघाली तरी यानाला ती मिळणार आणखी ३.७ वर्षांनी. बोलून झाल्यापासून जवळजवळ पावणेसात वर्षं. एवढा काळ नायिकेला न कळता जगायचं आहे, आणि ती रोज उठून कामाला लागते, आईला सांगायच्या गोष्टी साठवत राहते. वाचकाला तिच्यापुढे न्यावं असं मला वाटलं नाही.

त्यांना शेवटी लिहिलं, तरीही जाणून घ्यायचं असेल तर पुन्हा लिहा, मी सांगेन. त्यांना ते हक्काने मिळायला हवं.

आता जाणवतंय, मुलीचा प्रश्न आणि त्यांचा प्रश्न आतून एकच आहे. दोघांनाही मधलं अंतर नको आहे.

संध्याकाळी त्या मुलीचं उलट उत्तरही आलं. दोन पानं वाचून तिने विचारलंय, "मग ताई, यान तिथे थांबतं कसं?" नेमका प्रश्न! अवकाशात अडवायला हवा नाही. थांबायचं तर तेवढाच वेग पुन्हा उलट दिशेने मिळवावा लागतो, आणि थांबण्यासाठी नेलेलं इंधनही आधी पूर्ण वेगाला आणावं लागतं. मी तिला म्हटलं, इंधन जाळूनच थांबायचं ठरवलं तर यान निघताना किती जड असेल, याचा आधी तू अंदाज कर. ताऱ्यांमधल्या विरळ वायूवर चुंबकीय शीड उभारून वेग कमी करण्याची कल्पना शास्त्रज्ञांनी मांडलेली आहे. ती तिचा आकडा आल्यावर सांगणार आहे.