चहाचं आधण आणि कैची जॅक

मी मूळचा कराडचा. आबांचं हायवेला छोटं गॅरेज होतं आणि सीझनला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागायची. चाक फुटलं की ॲक्सलखाली, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याखाली, बॉटल जॅक (बाटलीसारखा उभा, तेलाच्या दाबावर चालणारा), पुढच्या-मागच्या चाकांना दगड, वीस मिनिटांत ट्रॉली कारखान्याच्या वाटेला. जॅक काय असतो हे मला कुणी शिकवायची गरज नाही, या गुर्मीतच मी इंग्लंडला आलो. आता एक्सेटरच्या आसपास व्हॅन घेऊन फिरतो आणि रस्त्यात बंद पडलेल्या कॅरॅव्हॅन दुरुस्त करतो. कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायचं घर. पलंग, शेगडी, बेसिन, सगळं आत.

13 ऑगस्ट 2022, शनिवार. त्या वर्षी जुलैत इंग्लंडमधल्या कोनिंग्सबीला पारा 40.3 अंशांवर गेला होता आणि ऑगस्टमध्ये पुन्हा उन्हाची लाट आली होती. ए 30 हायवेवर, ओकहॅम्प्टन गावाच्या अलीकडे, रस्त्यालगतच्या थांब्यावरून फोन आला. डाव्या चाकाचा टायर फुटलाय, दोघंच आहोत, जॅक लावायला घेतलाय.

‘घेतलाय’ ऐकलं आणि व्हॅन जरा जोरातच हाणली.

पोचलो तर गाडी सोडवून पुढे उभी, कॅरॅव्हॅन एकटी. सत्तरीचे आजोबा घामाघूम. गाडीचा कैची जॅक, म्हणजे स्क्रू फिरवला की कैचीसारखा उघडणारा, त्यांनी कॅरॅव्हॅनच्या चॅसीच्या (खालच्या सांगाड्याच्या) पत्र्याखाली लावून बराच वर फिरवला होता. कोपऱ्यातले पाय, म्हणजे मुक्कामाला घर हलू नये म्हणून खाली सोडायचे ते टेकू, त्यांच्यावरही ड्रिल मशीन लावून जोर काढला होता. एक पाय चक्क वाकला होता. तो टेकू फक्त स्थिर ठेवण्यापुरता, वजन उचलायला नाही. आणि आतून भांड्यांचा आवाज.

“आत कोण आहे?”

“माझी बायको. तुम्ही येताय म्हणून चहा टाकतेय.”

मी खाली बसून बघितलं. या चॅसीचा पत्रा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, वजन वाचावं म्हणून जागोजागी भोकं पाडलेला. जॅकचं डोकं टेकलं होतं तिथली कड डब्याच्या झाकणासारखी वळायला लागली होती. खालचा तळवा तळहाताएवढा, अर्धा उन्हानं मऊ पडलेल्या डांबरात रुतलेला. जागेला मागच्या बाजूला थोडा उतार. कॅरॅव्हॅनचा स्वतःचा हँडब्रेक ओढलेला दिसत होता, पण अर्धाच.

इथे एक भानगड आहे, जी आमच्या ट्रॉलीला नव्हती. कॅरॅव्हॅनचे ब्रेक रिव्हर्स घेताना आपोआप सुटावेत अशी त्यांची रचना असते. त्यामुळे हँडब्रेक लावलेला असूनही चाक मागे जरा फिरतं, मग दांड्यामागची स्प्रिंग खेचून घेते आणि ब्रेक पुन्हा धरतो. दांडा पार उभा होईपर्यंत ओढला तरच त्या स्प्रिंगवर भरवसा. एरवी वीतभर सरकल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. जॅकवर असताना ती वीत म्हणजे खेळ खलास. त्यात एक बाजू उचलली की ब्रेक धरायला जमिनीवर एकच चाक उरतं.

मी आधी व्हॅनमधल्या दोन लाकडी पाचरी आणून चांगल्या चाकाच्या मागे-पुढे ठोकल्या. मागची थोडी फटीतच राहिली. मग दाराशी जाऊन म्हटलं, “आजी, गॅस बंद करा आणि हळूच खाली या.”

आजींनी एक पाय पायरीवर ठेवला. पुढून ‘खट्’ असा आवाज झाला, हँडब्रेकचा दांडा आपसूक वर उडाला आणि कॅरॅव्हॅन बोटभर मागे येऊन पाचरीवर थांबली. जॅक तिरका झाला होता. आजोबांचा एक हात तेव्हा चाकाच्या कमानीत, टायरच्या चिंध्या उपसत होता. मी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. जोरातच ओढलं असणार, कारण ते मातीत बसले.

पुढचं काम शांतपणे केलं. बाजूला उभं राहून लांब दांड्यानं कैची जॅक सोडवला, कोपऱ्यातले पाय वर घेतले. गाडी रिव्हर्स आणून पुन्हा जोडली, ब्रेकची सुरक्षा-तार (जोड सुटला तर ब्रेक ओढणारी) अडकवली. टायर बसल्यामुळे ॲक्सल इतका खाली आला होता की माझा बॉटल जॅकही खाली जात नव्हता. जॅक घेताना लोक किती टनाचा ते विचारतात. या कॅरॅव्हॅनच्या पाटीवर 1450 किलो होतं, एका चाकावर साधारण सातशे, म्हणजे दोन टनी पुरून उरतो. विचारायचं ते हे, की जॅक पूर्ण मिटल्यावर त्याची उंची किती, आणि बूड किती रुंद. आजोबांकडे मुक्कामाला चाक समतल करायचा प्लॅस्टिकचा उतरता ठोकळा होता. गाडीनं बसका टायर फूटभर ओढून त्यावर चढवला, तशी जागा झाली. मग गाडी गिअरमध्ये, दोन्ही हँडब्रेक पार ओढलेले, पाचरी घट्ट.

स्टेपनी पोटाखालच्या सळ्यांच्या चौकटीत होती आणि नट गंजून बसलेले. ती जॅक लावायच्या आधीच काढली. नंतर कोण खाली वाकणार? जॅकखाली जाड फळी दिली, डोकं ॲक्सल चॅसीला बोल्टनं जखडलाय त्या जाड प्लेटखाली. ॲक्सलच्या मधल्या नळीखाली कधीच नाही. त्या षटकोनी नळीत रबराच्या जाड दोऱ्या असतात, त्याच स्प्रिंगचं काम करतात.

एक गोष्ट मला आजही डोकेदुखी वाटते. ट्रॉलीच्या चाकाच्या जागी बाहेर आलेले स्टड (आट्यांचे खुंट) असतात, चाक अडकवलं की नट घालायचे. इथे बोल्ट. चाक मांडीवर तोलत भोकाला भोक जुळवायचं. मग चाक खाली टेकवून टॉर्क पान्यानं, म्हणजे किती जोरानं आवळलं ते मोजणाऱ्या पान्यानं, आवळलं. त्यांच्या पुस्तिकेत अलॉय चाकाला 130 न्यूटन मीटर दिलं होतं. तीसेक मैलांवर थांबून पुन्हा तपासायला सांगितलं.

फुटलेल्या टायरवर आकडे होते 3411. म्हणजे 2011 चा 34वा आठवडा. नक्षी मात्र नव्यासारखी खोल. “बघा, झिजलेलाच नाही,” आजोबा म्हणाले. झिजायला फिरावं लागतं. कॅरॅव्हॅन वर्षातून दहा महिने अंगणात एकाच जागी उभी असते, टायर वयानं मरतो. पाच वर्षांनी बदला, सातच्या पुढे नकोच, हे मी त्यांना सांगितलं. दुसरा टायरही त्याच वयाचा होता, म्हणून ते निघाले होते त्या कॉर्नवॉलऐवजी त्यांना ओकहॅम्प्टनला टायरवाल्याकडे पाठवलं. वळलेली चॅसीची कड आणि वाकलेला पाय गावी गेल्यावर दाखवा, तोवर मुक्कामाला तो पाय सोडू नका, हेही सांगितलं.

आजींनी शेवटी चहा दिलाच, फळीवर बसून प्यायलो. साखर नव्हती. आजोबांनी कैची जॅक फडक्यानं पुसला आणि डिकीत जपून ठेवला. तो मी मागून घ्यायला हवा होता.