तुम्ही विचारलंत म्हणून: त्या कुटुंबात आम्ही पण येतो का?

ऑफिसात डबा खाताना, सोसायटीच्या मिटिंगनंतर, कधी ट्रेनमध्ये नुकतीच ओळख झालेल्या बाईकडून, हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की आता समोरच्याचं तोंड उघडायच्या आधी कळतं. "तुम्ही ख्रिस्ती लोक सगळी माणसं देवाची लेकरं म्हणता, बंधू-भगिनी म्हणता, मग त्यात आम्ही येतो का, की आधी बाप्तिस्मा घ्यावा लागतो?" परवा परत एकीनं विचारलं आणि मी घाईत "येता की" म्हणून लिफ्टमध्ये शिरले. नंतर दिवसभर वाईट वाटत राहिलं, कारण तिनं खरंच मनापासून विचारलं होतं. म्हणून आज नीट लिहिते, लांबेल थोडं, पण वाचा.

माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं 1831 साली, आणि आमच्या घरात ख्रिस्ताचं नाव आलं त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आज्जीच्या सासऱ्यांच्या वेळी. घर गावकुसाबाहेरचं. म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको. आज्जी लहान असताना पाटलाच्या विहिरीवर आमच्या लोकांनी हात लावायचा नाही, कडेला घागर ठेवून बसायचं, कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार, नाही आली तर बसून राहायचं. चहाच्या हॉटेलात आमच्यासाठी कान तुटलेले कप वेगळे, भिंतीच्या खोबणीत ठेवलेले, आणि पिऊन झालं की आपलेच आपण विसळून तिथंच ठेवायचे.

आज्जीला वाचता येत नव्हतं. पण बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय तिला तोंडपाठ होता, शोमरोनी बाईचा. भर दुपारची वेळ, याकोबाची विहीर, येशू चालून चालून दमलेला, शिष्य गावात खायला आणायला गेलेले, आणि ही बाई एकटी पाणी भरायला आलीय. येशू यहूदी, ती शोमरोनी, आणि यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत हे तिथं सरळ लिहिलंय. आता आपल्याला वाटेल की देवाचा पुत्र आहे म्हणजे तो तिला काहीतरी देणार, आशीर्वाद, उपदेश. पण पहिलं वाक्य काय आहे? मला प्यायला पाणी दे. आणि ती पुढं म्हणते की तुमच्याकडं पोहरा पण नाही अन विहीर तर खोल आहे. पोहरा नाही म्हणजे प्यायचं झालं तर तिच्याच भांड्यातून प्यायचं.

हे आलं की आज्जी थांबायची. पदर तोंडाला लावायची आणि म्हणायची, "त्यानं मागितलं बाई. मागितलं." बास एवढंच. लहानपणी मला कळायचं नाही की यात रडण्यासारखं काय आहे, पाणी तर मागितलं. जिला आयुष्यभर पाणी वरून ओतलं गेलं तिला ते कळत होतं.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथंच आहे खरं तर. तुम्ही येता का? येता. मी कोण तुम्हाला आत घेणारी, कुटुंबात जन्मानं असतात माणसं, फॉर्म भरून नाही. येशूचा प्रेषित पौल, त्यानं अथेन्समध्ये भाषण केलं ते बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांमध्ये आहे, समोर एकही ख्रिस्ती माणूस नव्हता, सगळे मूर्तिपूजक आणि तत्त्वज्ञ, त्यांना तो सांगतो की देवानं एकापासूनच सगळ्या राष्ट्रांची माणसं निर्माण केली आणि त्यांच्याच एका कवीचे शब्द घेऊन म्हणतो की आपण त्याचाच वंश आहोत. आपण म्हणतो तो, तुम्ही नाही म्हणत.

मराठीत आमचा आणि आपला असे दोन शब्द आहेत ही देवाची कृपाच आहे. आमचा म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, आपला म्हटलं की तो आत येतो. प्रभूची प्रार्थना आम्ही म्हणतो ती "हे आमच्या स्वर्गातील पित्या" अशी सुरू होते, आणि ते बरोबरच आहे कारण तिथं समोर देव असतो, त्याच्याशी बोलतोय आपण. पण प्रार्थना संपवून चर्चच्या पायऱ्या उतरलो आणि समोर तुम्ही भेटलात तर मला तो आपला बाप म्हणता आला पाहिजे. आमच्यातल्या बऱ्याच जणांचं तिथंच अडतं, बाहेर आल्यावर पण तो आमचाच राहतो. माझंही अडलंय कधी कधी.

आता कुणी ख्रिस्ती वाचक म्हणेल की ताई, योहानाच्या पहिल्या अध्यायात लिहिलंय ना, ज्यांनी त्याला स्वीकारलं त्यांना देवाची लेकरं होण्याचा अधिकार दिला, मग सगळेच लेकरं कशी? बरोबर आहे, आणि ते वचन मी खोडत नाही. ख्रिस्ताला ओळखणं म्हणजे काय ते मी अनुभवलंय आणि ते प्रत्येकाला मिळावं असं मला वाटतं, खोटं कशाला बोलू. पण लूकच्या शुभवर्तमानात येशूनं सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट घ्या. धाकटा घर सोडून गेला, पैसे उडवले, डुकरं राखायला लागला, तेव्हा तो मुलगा नव्हता का? बापाच्या लेखी होता, म्हणून तर बाप लांबून बघून पळत सुटला. मला त्या गोष्टीत जास्त अडकायला होतं ते थोरल्यापाशी. तो घरातच राहिलेला, आज्ञाधारक, आमच्यासारखा दर रविवारचा. तो बापाला म्हणतो "हा तुझा मुलगा". माझा भाऊ नाही म्हणत. आणि बाप त्याला उत्तर देताना हळूच शब्द बदलतो, "हा तुझा भाऊ". दोन ओळींत सगळं आलं. परत आलेला मुलगा कुटुंबात होताच, प्रश्न घरातल्याचा होता, आणि तो शेवटी आत जेवायला गेला का ते लूकनं लिहिलेलंच नाही.

दुसरा प्रश्न याच्याच पाठोपाठ येतो, आवाज जरा खाली करून. "पण तुमच्यात तरी जात नसते ना?"

असते. असायला नको, पण असते. आमच्यात सोयरिकीच्या वेळी कुणी जात विचारत नाही, विचारतात "मूळचे कोण तुम्ही?" माझ्या एका चुलतबहिणीचं ठरत आलेलं लग्न या एका प्रश्नावर मोडलं, दोन्ही घरं ख्रिस्ती, दोन्ही घरात रोज कौटुंबिक प्रार्थना, मुलगा-मुलगी एकाच क्वायरमध्ये गाणारे. ती तीन महिने चर्चला आली नाही आणि मला तिला ये म्हणायचं तोंड नव्हतं. हा काही फक्त आमच्याकडचा किंवा नवा रोग नाही. गोव्यात कितीतरी चर्चमधल्या कोन्फ्रारी, म्हणजे भाविकांचे संघ, जातीवर वाटलेल्या होत्या. दक्षिणेत तर चर्चमध्ये बसायच्या जागा वेगळ्या होत्या, 1833 साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हे ताबडतोब बंद करा म्हणून पत्र काढलं तेव्हा कितीतरी लोक चर्च सोडून गेले, जात नाही सोडली.

आणि मुळात हे पहिल्या पिढीतच झालंय. येशूचा शिष्य पेत्र, ज्याच्यावर मंडळी, म्हणजे चर्च, उभी राहिली तो पेत्र, अंत्युखिया शहरात परजातीय, म्हणजे मूळच्या यहूदी नसलेल्या, ख्रिस्ती लोकांबरोबर पंगतीला बसत होता. यरुशलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब (विहिरीवाला नाही) याच्याकडची माणसं आल्यावर लोक काय म्हणतील म्हणून तो हळूहळू पंगतीतून बाजूला झाला, त्याचं बघून पौलाचा सोबती बर्णबा पण उठला. पौलानं पेत्राला सगळ्यांसमोर तोंडावर झापलं, गलतीकरांच्या पत्रात आहे, दुसरा अध्याय. आणि त्याच पत्रात पुढच्या अध्यायात ते वचन येतं जे आम्ही फ्रेम करून लावतो, की यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक), दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेदच नाही. माणसं ते वचन एकटंच वाचतात म्हणून ते छान छान वाटतं. ते पंगतीतून उठलेल्या माणसांची गोष्ट सांगून झाल्यावर लिहिलंय.

लक्ष्मीबाई टिळकांचं मला म्हणूनच फार वाटतं. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, मधली काही वर्षं दोघं लांब राहिले, नंतर त्या नवऱ्याकडं आल्या तरी सुरुवातीला सोवळं पाळत होत्या, चूल वेगळी होती. कुणी जबरदस्ती केली नाही. हळूहळू त्यांचं त्यांनाच उमगत गेलं की हे भेद देवानं केलेले नाहीत, आणि त्या आपल्या पायानं चालत आल्या, 1900 साली. पुढं टिळकांनी 1917 मध्ये "देवाचा दरबार" नावाचा संघ काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोन्ही ख्रिस्तभक्त येऊ शकत होते. तेव्हा मिशनमधल्या कितीतरी जणांना हे पचलं नसणार. मला ते आजही पुढचं वाटतं.

आणि फुले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, पण शिकले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत, नगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा बघून आले आणि 1848 मध्ये पुण्यात शाळा काढली. त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये आलेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात एक घर आहे, त्यात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका निर्मिकाची लेकरं म्हणून प्रेमानं राहतात. एका छपराखाली. काही पाळकांना हे ऐकवलं की ते म्हणतात हे जरा जास्तच झालं. मला नाही वाटत जास्त. बाप घरात असेल तर लेकरांनी एकमेकांना घराबाहेर काढायचं काही कारण नाही.

आज्जीनं मंडळीत राहायचं कारण मला एकदा सांगितलं होतं, आणि ते उपदेशाचं नव्हतं. तेव्हा प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या विधीला, सगळ्यांत एकच चांदीचा प्याला फिरायचा, आता आमच्याकडे छोटे छोटे ग्लास असतात. तिच्या शेजारच्या बाकावर एक डॉक्टरीणबाई बसायच्या, फार पूर्वी ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण घराण्यातल्या. "माझं तोंड लागलेला प्याला त्यांच्याकडं गेला," आज्जी म्हणाली, "म्या बघत हुते. पुसला न्हाई त्यांनी. तसाच लावला तोंडाला." तिनं त्या बाईंशी कधी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलल्याचं मला आठवत नाही. पण त्यांचं नाव तिच्या रोजच्या प्रार्थनेत असायचं, त्या वारल्यावरही चुकून यायचं.

नाताळात आज्जी करंज्या करायची, ओल्या नारळाच्या नाही, सुक्या खोबऱ्याच्या, टिकतात म्हणून. आळीभर ताटं जायची, मी पोचवायला. एका घरी दिलेल्या करंज्या मी त्यांच्या गोठ्यात वासरापुढं बघितल्या, मागच्या बाजूनं येताना. सात-आठ वर्षांची असेन, घरी येऊन खूप रडले आणि पुढच्या वर्षी त्या घरी जाणार नाही म्हटलं. आज्जीनं पुढच्या वर्षी त्याच घरचं ताट पहिलं भरलं. "आपण धाडायचं. त्यांनी काय करायचं ते त्यांच्याकडं." मी नेलं, पण मनात राग होताच, तो बरीच वर्षं होता.

पुण्यात आल्यावर आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक काकू होत्या. अतिशय सज्जन, माझ्या मुलाला परीक्षेच्या दिवशी दही-साखर देणाऱ्या. पण आमच्याकडचं शिजवलेलं घ्यायच्या नाहीत, नाताळच्या ताटातलं केळं तेवढं उचलायच्या, "मला गोड चालत नाही गं" म्हणायच्या. अकरा वर्षं केळं. मी कधी विषय काढला नाही, त्यांनी पण नाही, आणि दरवर्षी मी ताटात केळं आठवणीनं ठेवायचे.

काका गेले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. सकाळी सगळे विधी करून माणसं परत आली, घरात चूल पेटणार नव्हती. आपल्याकडं अशा वेळी शेजारी पिठलं-भात नेतात. मी केलं, पातेलं हातात घेतलं, आणि माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंतच्या चार पावलांत मला तो गोठा आठवला. वाटलं परत फिरावं, कशाला आजच्या दिवशी त्यांना अवघड करायचं. मग आज्जी आठवली आणि गेले.

सून फोनवर होती, तिनं पातेलं घेऊन नुसती मान हलवली. काकू हॉलमध्ये सतरंजीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, रडून घसा पार बसलेला. मी जवळ जाऊन बसले. बराच वेळ काहीच बोललं नाही कुणी. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "पाणी दे गं जरा."

मी उठून त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. तांब्या कुठं ठेवतात ते मला माहीत नव्हतं, शोधावा लागला.