बँक का सोडलीत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बागेतल्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर भरल्या लेडीज डब्यात हाच प्रश्न आला आहे: "तीनच वर्षं राहिली होती, बँक का सोडलीत? तब्येत तर ठणठणीत दिसते."

२०१९ साली, सत्तावन्नाव्या वर्षी, मी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली. सुनेची २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपत आली होती. आमच्या विक्रोळीतलं जवळचं पाळणाघर संध्याकाळी सहाला बंद व्हायचं आणि सून फोर्टातून सव्वासातला घरी पोचायची. सव्वा तासाचा प्रश्न होता, तो मी माझी नोकरी देऊन सोडवला. मुलाने द्यावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

मध्यंतरी रोजगाराच्या सरकारी पाहणीवाली मुलगी टॅबलेट घेऊन दारात आली. मी मेथी निवडत होते.

"काकू, काम करता?"

मी जुडी दाखवली. ती हसली. "तसं नाही, पगाराचं किंवा धंद्याचं."

"नाही."

"शोधताय? मिळालं तर कराल?"

"नाही."

झालं, मी श्रमशक्तीच्या बाहेर! कोड कुठला लावतेस, म्हणून विचारलं (बँकेची खोड जात नाही). ९२ म्हणजे फक्त घरकाम, ९४ म्हणजे पेन्शन, भाडं असल्या उत्पन्नावर असणारे. माझ्यापाशी ती जरा घुटमळली. म्हटलं, ९४ टाक, निदान पेन्शन तरी दिसू दे.

सासूबाईंना असं म्हणायची सोय नव्हती. त्या परळच्या एका गिरणीत वायंडिंग म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होत्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. दीडेक वर्ष त्या गेटवर चकरा मारत होत्या, चार ठिकाणी शब्द टाकत होत्या. तोवर त्या बेकार. मग चकरा थांबल्या, त्यांनी कामाचं नावच सोडलं आणि हिशेबापुरती त्यांची बेकारीही संपली, कारण काम शोधत असेल किंवा मिळालं तर करायला तयार असेल त्यालाच बेकार धरतात. १९८४ मध्ये मी बँकेत लागले, ८६ ला मुलगा झाला. त्या घरी होत्या म्हणून मी काउंटरवर बसले. शेजारीपाजारी म्हणायचे, सासू किती गुणाची, नातवासाठी घरी बसली. बसल्या कुठे? गिरणीने बसवलं त्यांना.

म्हणजे त्या आणि मी दोघीही पाहणीच्या लेखी 'बाहेर'. त्यांच्यामागे बंद गिरणी, माझ्यामागे पेन्शन आणि सहाला कुलूप लागणारं पाळणाघर. म्हाताऱ्या बायका घरी बसल्या म्हणजे घरात सुबत्ता आली, असं कुणी म्हटलं की मला सासूबाई आठवतात.

उलटंही तसंच. तळमजल्यावरच्या वहिनी सहासष्ट वर्षांच्या. सकाळी तीन घरी पोळ्या, दुपारी चकलीच्या ऑर्डरी. या वयात बघा कशा उभ्या असतात, म्हणून कॉलनीत कौतुक होतं. मुलाची नोकरी लॉकडाऊनमध्ये गेली ती धड परत मिळाली नाही, हे कौतुकात येत नाही. शिवाय त्या पाहणीवाल्या मुलीला वहिनी सांगत होत्या, "मी घरीच असते हो." जिन्यावरून मीच ओरडले, "अहो वहिनी, पोळ्या सांगा की!" पोळ्या म्हणजे काम, हे त्यांनाच पटेना. पाहणीचा नियमही मजेशीर आहे. घरासाठी लाटलेले पापड हिशेबात नाहीत, तेच विकायला दिले की रोजगार.

मी नोकरी सोडली त्याच वर्षी सरकारने देशभर वेळेचा हिशेब घेतला होता. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. ती ९७ आमच्या घरात कोण करतं, शोधते आहे.

गेल्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. नऊ दिवस सून घरी राहिली, त्यातले सहा बिनपगारी. माझा ९४ जिथल्या तिथे राहिला, तिचा पगार तेवढा कापून आला.

परत काही करणार का, हेही तुम्ही विचारताच. नात पाचवीत गेली की बघू. पोळ्यांच्या ऑर्डरी मात्र घेणार नाही. माझ्या फुगत नाहीत, घरच्यासुद्धा मी वहिनींकडूनच घेते.