‘शू’ आणि ‘शुं’

आमच्या शाळेत प्रवेशासाठी आलेली मुलगी 28 मेच्या जन्माची, म्हणजे 1 जूनला चार वर्षं आणि चार दिवसांची. गुजरातेत पहिलीसाठी 1 जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात आणि 2023-24 पासून त्यात सूट मिळत नाही. त्या हिशेबाने मागे येत गेलं की पाच पूर्णला बालवाटिका (पहिलीच्या आधीचं वर्ष), चार पूर्णला ज्युनियर केजी. कागदावर ती ज्युनियरला बसत होती, पण वर्गात सगळ्यांत लहान ठरणार होती. म्हणून तीन सकाळी तिला वर्गात नुसतं बसवून बघायचं ठरलं. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं मराठी घर, आधी कुठल्या नर्सरीत गेलेली नाही.

आजी म्हणाल्या, “बेन, पन्नासपर्यंत आकडे म्हणते. एबीसीडी पाठ आहे.”

आकडे आम्ही विचारत नाही. पाठांतरावरून पाठांतरच कळतं. बघायचं ते वेगळं: आई गेल्यावर रडू किती वेळात थांबतं (पंधरा-वीस मिनिटं चालतं, रोज थोडं कमी व्हायला हवं), एका दमात सांगितलेली दोन कामं करते का, चड्डी स्वतः खाली-वर करते का, आणि अडलं तर मोठ्या माणसाकडे जाते का. यातली शेवटची बाब मला सगळ्यांत मोलाची वाटते.

तिसऱ्या दिवशी साडेदहाला तिने कपडे ओले केले. वर्गाच्या बेननी (शिक्षिकेने) तोवर वहीत लिहून टाकलं होतं: ‘बोलत नाही, सूचना समजत नाही, नर्सरीत ठेवावं.’ तिला पुसताना मासी, म्हणजे मुलांना सांभाळणाऱ्या मदतनीस, सहज म्हणाल्या, “दहा वाजल्यापासून ‘शुं, शुं’ करत होती. मी म्हटलं, कंई नथी बेटा, रम (काही नाही बेटा, खेळ).”

गुजरातीत ‘शुं’ म्हणजे ‘काय’. मुलगी ‘शू’ म्हणत होती. अर्धा तास ती बरोबर माणसाकडे जाऊन बरोबर गोष्ट मागत होती.

वहीतली ती ओळ खोडून आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी मराठीत. “पिशवीतून डबा काढ आणि चटईवर ठेव.” हे सांगताना बोट दाखवायचं नाही, नजरही तिकडे वळवायची नाही, नाहीतर मूल बोटामागे जातं आणि आपल्याला वाटतं, वाक्य समजलं. तिने दोन्ही कामं केली. मागून हलक्या आवाजात हाक मारली तर वळली. वळली नसती तर आधी कान तपासायला पाठवलं असतं. गोल काढला, अधिकचं चिन्ह बघून तसंच काढलं. ते चारच्या आसपास जमतं. चौकोन बिघडला, पण तो बहुतेकांना पाचच्या जवळ येतो, त्यावर काही ठरवायचं नसतं.

अडचण हातांची होती. जीन्सला धातूचं बटण आणि चेन, डब्याला घट्ट क्लिप. घरी दोन्ही आजीच उघडत.

ज्युनियर दिलं. एक वर्ष थांबवण्याचं कारण दिसलं असतं तर तेही सांगितलं असतं, आणि ते आताच सांगणं बरं. नियम लागू झाला त्या वर्षी घाईने पुढे गेलेली किती मुलं सीनियर केजी संपवूनही पहिलीत जाऊ शकली नाहीत. मित्र पुढे गेलेले बघत तोच वर्ग पुन्हा करणं सहाच्या आतल्या मुलाला फार लागतं.

आजींना सांगितलं: इलॅस्टिकची चड्डी, सैल झाकणाचा डबा, रात्री साडेआठला झोप. आणि चारच शब्द घरी रोज बोलायचे: एकी (शू), बेकी (शी), आपो (द्या), दुखे छे (दुखतंय). मासींनाही मराठी ‘शू’ शिकवली. वर्गात मराठी घरांतली आणखी पाच मुलं आहेत, त्यांचं काय होत असेल हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

सोमवारी सव्वानऊला तिने मासींचा पदर ओढला आणि म्हणाली, “एकी.” डबा मात्र आणखी दोन आठवडे तिला उघडता आला नाही.