क्रूझरची निवड, नोंद दुसरी: चारातून उरल्या दोन

बेळगावकडे चालवायला क्रूझर, म्हणजे सीट खाली आणि पाय पुढे असलेली मोटारसायकल, घ्यायची आहे. यादीत चार गाड्या होत्या: बजाज ॲव्हेंजर २२० क्रूझ, रॉयल एनफील्ड मिटिऑर ३५०, सुपर मिटिऑर ६५० आणि कावासाकी एलिमिनेटर. आता ॲव्हेंजर आणि मिटिऑर ३५० एवढ्याच उरल्यात. मोठ्या दोघी चालवून बघायच्या आधी कागदावरच कटल्या.

कारण कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी १८ टक्के, त्यापुढे ४० टक्के. हिशेबासाठी मूळ किंमत दोन लाख धरा. मिटिऑर ३५० सारखी ३४९ सीसीची गाडी २,३६,००० ला पडते, एलिमिनेटरसारखी ४५१ सीसीची २,८०,००० ला. कर्नाटकात लाखावरच्या दुचाकीला आजीवन कर १८ टक्के, आणि तो या फुगलेल्या किमतीवर लागतो. म्हणजे ४४,००० च्या फरकावर आणखी ७,९२०. उपकर वेगळाच.

निपाणी-चिक्कोडीकडची मंडळी इथं हमखास विचारतात, कोल्हापूरहून तिकडच्या एमएच-०९ नंबरची गाडी उचलली तर? महाराष्ट्रात २९९ सीसीवरच्या मोटारसायकलला १२ टक्के कर, म्हणजे २,३६,००० वर १४,१६० वाचतात. पण नोंदणी होते ती राहत्या पत्त्यावर. मामाच्या पत्त्यावर गाडी घेऊन इकडे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, की चिक्कोडीचा केए-२३ नंबर घेणं आलं: एनओसी (ना हरकत दाखला), इथला कर, आणि तिकडच्या कराच्या परताव्यासाठी खेटे. कोल्हापुरात खरेदी करून तात्पुरत्या नंबरवर आणून चिक्कोडीला पासिंग करणं पूर्ण कायदेशीर आहे, पण मग कर इथलाच. तिकडे जायचं तर डीलर चांगला आहे म्हणून जावं, कराच्या आशेने नको.

सुपर मिटिऑरला वजनानेही मारलं. २४१ किलो आणि जमिनीपासून अंतर १३५ मिलिमीटर. मिटिऑर ३५० ला हेच अंतर १७० आहे. खानापूर-जांबोटीकडच्या गावांतले गतिरोधक कुणी मोजमाप घेऊन बांधलेले नाहीत. मागे माणूस बसला की पोट घासायची भीती.

सीटची उंची बघून क्रूझर निवडू नका. ॲव्हेंजर ७३७ मिलिमीटर, मिटिऑर ७६५, दोन्हींवर पाय टेकतातच. खरी परीक्षा गाडी बंद असताना होते. उताराकडे तोंड करून लावलेली गाडी सीटवर बसून, पायाने रेटत मागे घेऊन बघा. ॲव्हेंजर १६३ किलो, मिटिऑर १९१. हे २८ किलो सपाट शोरूमात कळत नाहीत, पावसाळ्यात लाल चिखलावर बूट सरकला की कळतात.

घाटात मात्र पारडं फिरतं. ॲव्हेंजरचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, १७.५५ न्यूटन-मीटर, तोही ७,००० आरपीएमला (मिनिटाला फेरे). मिटिऑरचा २७, फक्त ४,००० ला. चोर्ला घाटाच्या वळणावर डबल सीट असताना ॲव्हेंजरला गिअर टाकत राहावं लागतं, मिटिऑर त्याच गिअरमध्ये ओढते. शिवाय ॲव्हेंजर क्रूझला स्पोकची चाकं, म्हणजे ट्यूब. कणकुंबीच्या पुढे पंक्चर झालं तर ट्यूबलेस टायरचं पट्टी-किट उपयोगाचं नाही, चाकच उतरवावं लागतं. मिटिऑर घेतानाही अलॉय-ट्यूबलेस (स्पोक नसलेली चाकं, बिनट्यूबचे टायर) व्हेरियंटच मागा. गावातल्या गावात फिरायचं असेल तर ॲव्हेंजर पुरे; घाट आणि जोडीदार असेल तर मिटिऑर.

डीलर पारखताना विक्रीच्या टेबलावर चहा पिण्याआधी पार्टच्या काउंटरवर जा. क्लच केबल, पुढचे ब्रेक पॅड, एअर फिल्टर, ब्रेक लिव्हर: आत्ता आहे का, नसेल तर किती दिवसांत? मग सर्व्हिसची पुढची तारीख कधीची मिळते ते विचारा. बेळगाव, कोल्हापूर, हुबळी, तिन्हीकडे हेच प्रश्न, म्हणजे तुलना सरळ होते. कोटेशन एका ओळीत घेऊ नका. एक्स-शोरूम, कर, विमा, ॲक्सेसरीज वेगवेगळं लिहून घ्या. ‘हँडलिंग’ नावाची ओळ दिसली तर ती कशाची ते विचारा, बहुधा गळून पडते. विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती नाही. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी पाच वर्षांचा लागतो, स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा चालतो. बाहेरचं कोटेशन घेताना आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) सारखं ठेवा, नाहीतर स्वस्त दिसणारा विमा स्वस्त नसतो.

गाडी तपासायची ती पासिंगच्या कागदांत चेसिस नंबर जायच्या आधी. नंतर नापसंत केली तर डीलर बदलून देत नाही. फॉर्म २१ वर, म्हणजे डीलरच्या विक्री दाखल्यावर, उत्पादनाचा महिना-वर्ष असतो. टायरवरचे चार आकडे बघा: ३६२५ म्हणजे २०२५ चा छत्तिसावा आठवडा. बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. बेळगावचा पाऊस उघड्यावर खाल्लेली गाडी सायलेन्सरच्या पाइपच्या वळणावर, चेनवर आणि खालच्या बोल्टांवर गंज दाखवते. फोर्कच्या (पुढच्या शॉकच्या) नळीवरून बोट फिरवा, सीलपाशी तेलाची रेघ नको.

पुढची पायरी दोन्हींची डबल सीट टेस्ट राइड. क्रूझरवर पाय पुढे असल्याने खड्ड्यात उठून उभं राहता येत नाही, दणका थेट माकडहाडाला बसतो. पण डेमो मिटिऑरच्या मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला ताण) बहुधा एकट्यासाठी नरम ठेवलेला असतो. सहापैकी कितव्या खाचेवर आहे ते बघून दोन खाचा घट्ट करून घ्या, मगच मागच्याचं मत विचारा.